साक्षीचं पान

"हात हलवू नको, उर्सुला. श्वास सोड आनि गप रव."

उर्सुलानं श्वास सोडला. लाकडी पेटीच्या भोकात मनगटापर्यंत गेलेला तिचा हात स्थिर झाला. तिच्या बापानं, पायसनं, डावा डोळा मिटला, उजवा पितळी नळीला लावला आणि काजळी काचेची पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकवायला सुरुवात केली. तेवढा वेळ ठाण्यालगतच्या कोपरी गावातल्या त्या बसक्या घरात कुणी ब्र काढत नसे. चुलीपुढची क्लेमेंटिनासुद्धा फुंकणी खाली ठेवून नवऱ्याच्या पाठीकडं बघत बसे. निकाल आधी त्या पाठीवर दिसतो हे बायको म्हणून तिला ठाऊक होतं.

"एकुनसत्तर," पायस म्हणाला.

"आनि काल?"

"अडुसष्ट."

"म्हंजे सत्तराला एकच रायला."

"एक रायला म्हंजे सत्तर नाय झायलं," असं म्हणत पायसनं वहीत आकडा लिहिला. अक्षर मात्र नेहमीसारखं सरळ आलं नाही.

सत्तर या आकड्यावर त्या घराचा जीव टांगलेला होता. व्हिटकम साहेब हवापालटासाठी महाबळेश्वरला जाताना तसं बजावून गेले होते. साहेब जुने सरकारी डॉक्टर; नोकरीतून मोकळे झाल्यावर विलायतेला न जाता ठाण्यातच बंगला घेऊन झाडापानांत रमलेले. त्यांना मराठी एका मुनशीनं शिकवलं होतं, त्यामुळं ते बोलू लागले की कुणी सरकारी जाहीरनामा वाचतंय असं वाटे. "पायस, तुझ्या कन्येच्या अंगी रक्त न्यून आहे. हे लोहाचे थेंब तिला नित्य दे. प्रातःकाळी तिचा तळहात मोजीत जा. आकडा सत्तरास पोचला, तर एक दिवसही न थांबता तिला मुंबईस ने आणि हे पत्र तेथील डॉक्टरांस दे." लाखेचा शिक्का मारलेलं ते पत्र पेटीच्या खालच्या खणात पडून होतं. ठाण्याचं स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर. मुंबईच्या गाडीची शिटी दिवसातून कितीदा तरी ऐकू येई आणि दर वेळी क्लेमेंटिना त्या खणाकडं बघे.

उर्सुला सतरा वर्षांची. कल्याण स्टेशनात इंजिनांत पाणी भरणाऱ्या मॉरिसशी तिचं लग्न ठरलं होतं. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे रविवारपासून तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारली जायची होती आणि मग मांडव. फाल्गुनापासून पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत होता. विहिरीवरून एक हंडा आणला तरी ती दारात बसून धापा टाकायची, आणि कुणी पाहिलं की हसायची.

शेजारची आवडाबाई त्या सकाळी दारातच उभी होती. गावची सुईण, अर्ध्या कोपरीची नाळ तिनं कापलेली. त्यामुळं कुणाच्याही घरात तिला बोलायची चोरी नव्हती.

"पायसभाव, तुमच्या पेटीला काय म्हनायचं ते म्हनू द्या," ती म्हणाली. "मी पोरीचा डोला खाली ओडून बगितला. आतून पांढराफटक हाय. आजच्या गाडीनं जावा."

"उद्या सत्तर आला तं उद्या जातू, आवडाबाय. साहेबानं सांगितलाय तसाच करतू."

"साहेब डोंगरावर थंड हवा खातंय. पोर हिकडं हाय."

उद्या जायचं हे पायसनं मनात पक्कं केलं होतं. बायकोला तसं सांगितलंही. तिनं एका फडक्यात उर्सुलाचे दोन कपडे बांधून ठेवले.

*

पायस हा शिकलेला माणूस नव्हे. पाद्रीबाबाच्या शाळेत चार वर्षं बसला, लिहायला आणि आकडे मांडायला शिकला, आणि मग बापाच्या चुन्याच्या भट्टीवर गेला. खाडीतले शिंपले गोळा करायचे, भट्टीत भाजायचे, पाण्यात फोडायचे, गाळायचे. त्यांच्या घरचा चुना ठाण्यात नावाजलेला. पांढऱ्याचे किती प्रकार असतात हे तुम्हाआम्हाला कळायचं नाही. पायसला ते डोळे मिटूनही कळले असते म्हणायला हरकत नाही. साहेबांना त्यांच्या पेटीसाठी पांढऱ्यातलं पांढरं हवं होतं. विलायतेहून मागवलेली भुकटी ठाण्याच्या दमट हवेत महिन्याभरात पिवळी पडली. शोधत शोधत साहेब भट्टीवर आले, चुना घेऊन गेले, आणि आठ दिवसांनी येऊन चुना करणाऱ्यालाही घेऊन गेले. त्याला आता बारा वर्षं झाली होती.

पेटी बाजाच्या पेटीएवढी, आतून काळी. तिच्यात एका बाजूला झाडाचं पान ठेवायचं, दुसऱ्या बाजूला चुन्यानं पांढरी केलेली पाटी. खिडकीतला उजेड दोन्हींवर पडून परत फिरे आणि लोलकातून नळीत येई. लोलक उजेडाचे रंग सुटे करी; त्यातला एकच पाहायचा. नळीत दोन अर्धचकत्या दिसत, एक पानाची, एक पाटीची. काजळी काच सरकवत पाटीचा उजेड मंद करत जायचं. दोन्ही अर्ध्या सारख्या झाल्या, मधली रेघ नाहीशी झाली, की पट्टीवरचं घर वाचायचं; काच जितकी जास्त सरके, तितका आकडा उतरे. हिरवंगार पान तांबडा उजेड गिळून टाकतं, म्हणून त्याचा आकडा खाली. पान पिवळं पडू लागलं की उजेड परत टाकतं, आकडा वर चढतो. माणसाच्या डोळ्याला पान हिरवंच दिसत असतं, तेव्हाच आकडा सांगून मोकळा होतो की आतला हिरवा रंग ओसरतोय. साहेबांच्या बागेतल्या बारा झाडांची पानं पायस दर सोमवारी मोजत आला होता.

पण सगळ्यांत आधी मोजायचं ते तेरावं पान. सागाचं, वाळून तपकिरी झालेलं, काळ्या कागदाच्या पाकिटात ठेवलेलं. त्याला साहेब साक्षीचं पान म्हणत. "जिवंत पान बदलेल. हे मृत आहे, हे बदलणार नाही," साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "याचा आकडा बावन्न. तो हलला, तर दोष झाडात नाही, आपल्या पेटीत आहे असे जाण. पाटीस नवा चुना द्यावयाचा असेल, तर आधी व नंतर हे पान मोजल्यावाचून पुढे जाऊ नकोस." बारा वर्षं पायसनं हा नियम पाळला. साक्षीच्या पानाला विचारल्याशिवाय त्यानं कधी झाडाचा एक आकडा लिहिला नव्हता.

मागच्या वर्षी बंगल्यातलं एक लिंबाचं झाड पिवळं पडलं, तेव्हा साहेबांनी त्याच्या मुळाशी हिराकशीचं पाणी घातलं. हिराकशीत लोखंड असतं. पाच आठवड्यांत झाडाचा आकडा एकोणीस घरं खाली आला आणि पानं अशी हिरवी झाली की पायसनं टोपी काढली. म्हणून उर्सुलाच्या रंगाची गोष्ट त्यानं साहेबांच्या कानावर घातली. साहेबांनी तिचा हात पेटीत घातला, हिरव्या उजेडात मोजला. रक्त हिरवा उजेड गिळतं, रक्त कमी झालं की तळहात तो परत टाकतो, एवढं समजावून सांगितलं आणि लोखंडाचे थेंब दिले. मग उन्हाळ्यासाठी बंगला बंद करताना पेटीही पायसच्या घरी पाठवून दिली. लिंबाचं झाड ज्यानं डोळ्यांनी हिरवं होताना पाहिलं होतं, त्या बापाला पोर बरी होणार याबद्दल शंका राहिली नव्हती. फक्त वेळ लागत होता.

*

त्याच दिवशी, शुक्रवारी, घराला चुना काढायचा होता. लग्नघर पांढरं नसलं तर कोपरीत लोक नाकं मुरडत, आणि चुनेवाल्याचं घर मळकं म्हणजे तर शोभाच. त्यासाठीचा चुना पायसनं निराळा भाजला होता. उर्सुलाकडून दुसरं काम होत नव्हतं, म्हणून ती आठ दिवस अंगणात चटई टाकून शिंपले निवडत बसली होती. काळपट बाजूला, रेघ असलेले बाजूला. फक्त दुधासारखे ठेवायचे. तिच्या हाताला बापाचा डोळा होता. त्या निवडीचा चुना असा उतरला की पायसनं बोटावर घेऊन तो उन्हात धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. असा पांढरा त्याच्या बापालाही कधी साधला नव्हता.

दुपारपर्यंत भिंती झाल्या. घर आतून इतकं उजळलं की क्लेमेंटिना उंबऱ्यात थबकली. "आपलाच घर हाय ना?" ती म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिघंही हसली.

गाडग्याच्या तळाशी थोडा चुना उरला होता. पायसची नजर पेटीतल्या पाटीवर गेली. त्या भिंतींपुढं ती म्हाताऱ्याच्या दातासारखी दिसत होती. पावसाळ्यानंतर तिला हात लागलेला नव्हता. लग्नघरात उरलेला चुना वाया जाऊ देत नाहीत. तुळशीच्या कट्ट्याला म्हणा, क्रूसाच्या चौथऱ्याला म्हणा, कुठंतरी लावतात. सगळं घर लखलखत असताना साहेबांच्या पाटीनंच का मळकं राहावं? त्यानं कुंचला बुडवला आणि पाटीला दोन हात दिले. पोरीच्या हातचा चुना, म्हणून अंमळ मायेनंच दिले. काळं पाकीट खणात होतं, पत्राच्या शेजारी. ते त्यानं काढलं नाही. त्याला ते आठवलंही नाही.

शनिवारी सकाळी उर्सुला हात पेटीत घालून बसली. कपड्यांचं गाठोडं दाराशी तयार होतं. पायसनं पट्टी सरकवली. थांबला. डोळा पुसला, पुन्हा सरकवली.

"एकसष्ट," तो म्हणाला.

क्लेमेंटिनानं दाराशी ठेवलेल्या गाठोड्याकडं पाहिलं.

"एकसष्ट! आठ घरं उतरला! लोखंड लागलं अंगाला! लिंबाच्या झाडाला बी असाच, एकाएकी लागलेलं!" लिंबाच्या झाडाला एकाएकी लागलं नव्हतं, पाच आठवडे लागले होते, पण आनंदात माणूस एवढं कुठं बघत बसतो.

"म्हंजे मी बरी होतंय, बापा?"

"होतंय काय, झायली!"

क्लेमेंटिनानं पदर डोळ्यांना लावला, मग गाठोडं सोडून कपडे परत खुंटीला टांगले. आवडाबाई आली, तिनं पोरीला उजेडात नेलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि मान हलवली. "मना तं कायच फरक दिसत नाय."

"तुमच्या डोल्याला नाय दिसायचा," पायस म्हणाला. "पान पिवलं पडतंय हे तरी तुमाला कुटं दिसतंय? मना ते पंदरा दिवस आदी दिसतंय."

त्यात गर्व होता. बारा वर्षांत तेवढा एक गर्व त्यानं कमावला होता. आवडाबाई पाय आपटत निघून गेली.

रविवारी देवळात पाद्रीबाबांनी मॉरिस आणि उर्सुला यांची नावं पहिल्यांदा पुकारली. त्या सकाळी आकडा बासष्ट होता. एका घराचं काय मोठंसं? उर्सुला नवं लुगडं नेसून देवळापर्यंत चालत गेली, चालत आली, वाटेत दोनदा बसली. मॉरिस तिला लांबून बघत होता आणि ती त्याच्याकडं न बघता हसत होती.

पुढच्या आठवड्यात त्रेसष्ट झाले, चौसष्ट झाले. पायसला वाटलं, लग्नाची दगदग. लग्नाच्या गडबडीत सोमवारची बारा झाडं राहून गेली; साहेब काय म्हणणार, पोरीचं लग्न आहे म्हटल्यावर? आणि झाडं नाहीत म्हणून साक्षीचं पानही नाही. उर्सुलाचा एक हात तेवढा रोज सकाळी पेटीत जाई.

"आकडा काय आयला, बापा?" ती विचारी.

"पासष्ट."

"बरा हाय ना?"

"बराच हाय."

"मग मीच आलशी झायलंय," ती म्हणे, आणि उठून काम करायला बघे. हे तिचं बोलणं पुढं पायसच्या कानातून कधी गेलं नाही. पोरीला थकवा येत होता, छाती धडधडत होती, पण पेटी बरं आहे म्हणते म्हणून तिनं कुणाला काही सांगितलं नाही. बापावरचा विश्वास तिनं असा खर्च केला.

दुसऱ्या पुकारानंतरच्या बुधवारी आकडा सदुसष्ट आला. क्लेमेंटिनानं पुन्हा कपडे काढले. "चला ना," ती म्हणाली. "सत्तराची कशाला वाट बगताव? मना काय बरं वाटत नाय. पोर रात्री उशी धरून बसते, निजत नाय."

"तीन घरं हायेत अजून," पायस म्हणाला. "लग्न आट दिवसांवर आयलं. विनाकारन इस्पितळात टाकली तं मॉरिसच्या घरचे काय म्हनतील? नवरी रोगी हाय? सत्तर आला तं मी तिला खांद्यावर घेऊन जाईन. मी सांगतंय ना."

तो सांगत होता, म्हणून ती थांबली.

गुरुवारी अडुसष्ट. पायसनं पत्र खणातून काढून वर ठेवलं. दुपारी अंगणात बायका लग्नाचा मसाला कांडत होत्या. उर्सुला सावलीत बसून वाळलेल्या मिरच्यांची देठं काढत होती, तेवढं काम तिला जमत होतं. कुणीतरी मुसळाच्या तालावर गाणं म्हणत होतं, तिनंही दोन ओळी म्हटल्या. मग ती भिंतीला टेकली. गाणं संपलं तेव्हा कुणीतरी तिला हाक मारली. तिच्या मांडीवर देठ काढलेल्या मिरच्या होत्या आणि मुठीत एक देठ काढायची राहिलेली. भिंतीचा अजून पाऊस न लागलेला, नवा चुना तिच्या केसांना लागला होता.

आवडाबाईनं तिच्या पापण्या मिटल्या. या खेपेला तिनं पायसला काही सुनावलं नाही.

तिसऱ्या रविवारी पाद्रीबाबांनी उर्सुलाचं नाव पुकारलं, पण मयतांसाठीच्या प्रार्थनेत. मॉरिस पाठीमागच्या बाकावर बसला होता, कल्याणहून एकटाच आलेला. मिस्सेची प्रार्थना संपल्यावर तो पायसजवळ आला, त्याचा हात हातात धरला आणि गेला. लग्नाच्या लुगड्यातच तिला पुरलं होतं.

*

देवाची मर्जी, असं सगळे म्हणाले. पायसलाही तसंच वाटत होतं. दुःखाच्या पहिल्या दिवसांत तेवढाच त्याला आधार होता: आपण सगळं केलं. थेंब दिले, रोज मोजलं, नियम मोडला नाही. सत्तर झालंच नाही, त्याला आपण काय करणार?

सोमवारी सकाळी तो बंगल्याच्या बागेत गेला, कारण बारा वर्षं सोमवारी सकाळी तो तिथंच जात होता. बारा झाडांची पानं खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळली, घरी आला. क्लेमेंटिना भिंतीकडं तोंड करून पडली होती. तो पेटीपुढं बसला, सवयीनं हात खणात गेला आणि काळं पाकीट बाहेर आलं. सागाचं पान त्यानं जागेवर ठेवलं, पट्टी सरकवली.

चव्वेचाळीस.

त्यानं नळी पुसली. काच पुसली. पान काढून पुन्हा बसवलं. चव्वेचाळीस. आंब्याचं पान ठेवलं: मागल्या खेपेपेक्षा आठ घरं खाली. फणसाचं: आठ खाली. चिंच, जांभूळ, बकुळ, सगळी आठ-आठ घरांनी खाली. ऐन वैशाखात, विहिरी तळाला गेल्या असताना, ठाण्यातली झाडं एकजात हिरवी झाली होती. आणि बारा वर्षांपूर्वी मेलेलं सागाचं पानसुद्धा.

वाळलेलं पान हिरवं होत नाही. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं मान वर केली. समोर पाटी होती, पाटीमागं भिंत होती, आणि दोन्ही एकाच पांढऱ्या होत्या.

पान हिरवं झालं नव्हतं. पाटी उजळ झाली होती. तिचा उजेड मंद करायला काच आठ घरं जास्त सरकवावी लागत होती. झाडांना, सागाच्या पानाला, उर्सुलाच्या हाताला, सगळ्यांनाच आठ.

पायस ओरडला नाही. त्याला वाटलं, आपण आत्ता ओरडलो तर क्लेमेंटिना उठेल आणि विचारील काय झालं. म्हणून त्यानं मूठ तोंडात घातली आणि दातांनी धरली. लोक म्हणतात काळीज फाटतं. त्याचं काही फाटलं नाही, ते तसंच आत धडधडत राहिलं, आणि याचाच त्याला सगळ्यांत जास्त राग आला.

*

साहेब पंधरा दिवसांनी परतले. तोवर पायसनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. बंगल्याच्या मागच्या ओसरीत त्यानं पेटी आणून ठेवली, वही ठेवली, न फोडलेलं पत्र ठेवलं आणि उभ्यानं सगळं सांगितलं. चुना, पाटी, पाकीट. काही लपवलं नाही.

साहेब बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"मुंबईस नेली असती, तर वाचली असती का, साहेब?"

"ते मला सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "कदाचित वाचली असती. कदाचित नाही. तिचे रक्त अंतरात कोठे तरी जात असावे." मग खालच्या आवाजात: "पायस, आणखी एक गोष्ट तुला सांगणे मला प्राप्त आहे. सत्तर हा आकडा मी अदमासाने दिला होता. मी सारे चार हात मोजले होते. साठही सांगू शकलो असतो."

पायसनं त्यांच्याकडं पाहिलं. साहेब एकदम म्हातारे दिसत होते.

"पन तुमी सत्तर सांगितलात," तो म्हणाला. "आनि मी तो पालला."

साहेबांनी मान खाली घातली. मग, काहीतरी करायचं म्हणून, ते म्हणाले की झाडांचे आकडे वाया गेलेले नाहीत. त्या शुक्रवारनंतरच्या प्रत्येक आकड्यात आठ मिळवले की वही शुद्ध होते. मुलीचं पान मात्र फाडून टाकावं, ते काही वनस्पतिशास्त्र नव्हे.

"नाय," पायस म्हणाला. "ती बी वहीत हाय. तिचं बी शुद्ध करतू."

तो ओसरीत खाली बसला आणि दौत जवळ ओढली. एकसष्ट खोडलं, शेजारी एकोणसत्तर लिहिलं. बासष्ट खोडलं आणि सत्तर लिहिलं. तिथं त्याचा हात थांबला. पहिल्या पुकाराचा रविवार. नवं लुगडं नेसून ती देवळात चालत गेली होती. स्टेशन देवळापेक्षा जवळ होतं. त्या दिवसानंतर ती अकरा दिवस जगली होती. ते अकरा दिवसही त्यानं एकेक करून शुद्ध केले, शेवटच्या शहात्तरापर्यंत, सरळ अक्षरात, आणि खाली लिहिलं: *शुक्रवारी पाटीस नवा चुना दिला. साक्षीचे पान मोजिले नाही. चूक माझी. पायस.*

घरी गेल्यावर त्यानं क्लेमेंटिनाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिला पेटीतलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यानं साध्या शब्दांत सांगितलं, दोनदा सांगितलं. तिचे हात सुपात थांबले.

"सत्तर कवा झायलेला?" तिनं विचारलं.

"पयल्या पुकाराच्या दिवशी."

त्याला वाटत होतं तिनं सूप फेकून मारावं, शिव्या द्याव्यात, माहेरी निघून जावं. तिनं यातलं काही केलं नाही. ती भिंतीपाशी गेली, जिथं उर्सुला टेकली होती तिथं, आणि तळहात लावून उभी राहिली. हात काढला तेव्हा त्याला चुना लागला होता. तो तिनं पुसला नाही. आठ दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

पुढच्या सोमवारपर्यंत, मोजणी सुटू नये म्हणून, साहेबांनी पेटी परत पायसच्या घरी पाठवली होती. पायस बागेतून पानं घेऊन आला, हात धुतले, पेटीपुढं बसला. पण खणाकडं हात जाईना. बसूनच राहिला. नळीला डोळा लावायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती, आणि बंगल्यावर जाऊन तसं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येत होतं.

क्लेमेंटिना चुलीपासून उठली. खण तिनंच उघडला. काळं पाकीट काढलं, त्यातलं सागाचं पान दोन बोटांत जपून धरलं आणि त्याच्यापुढं केलं.

"आदी हा," ती म्हणाली.

त्यानं पान घेतलं, जागेवर ठेवलं, पट्टी सरकवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मधली रेघ पुसली जायला बराच वेळ लागला. ती तोवर तशीच उभी होती, त्याच्या पाठीकडं बघत.

"चव्वेचालीस," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि ती परत चुलीपाशी जाऊन बसली. पाटीला पुन्हा कधी चुना दिला गेला नाही, घरालाही नाही. पण साहेब होते तोवर, आणि नंतरही कितीतरी वर्षं, दर सोमवारी सकाळी क्लेमेंटिना हातातलं काम टाकून उठे आणि ते पान त्याच्या हातात देई.